तेलाच्या भोकातले बूच

इंग्लंडात १८८३ साली एका साध्या बुचाने जे साधले ते त्याआधीच्या दोनशे वर्षांत कोणा विद्वानाला साधले नव्हते असे म्हटले, तर ती अतिशयोक्ती होईल. पण फार मोठी नव्हे. तेथील यांत्रिकी अभियंत्यांच्या संस्थेने घर्षणाचा अभ्यास करण्यासाठी एक समिती नेमली होती. बीचम टॉवर नावाच्या अभियंत्याकडे प्रयोगांचे काम सोपवले होते. प्रश्न रेल्वेच्या डब्यांचा होता. डब्याचे सगळे ओझे आसाच्या टोकांवर बसवलेल्या पितळी बेअरिंगांवर येते, ती बेअरिंगे तापतात, कधी वितळतात, आणि गाडी रानात उभी राहते. टॉवरने चार इंच व्यासाचा आस घेतला. त्याच्या वरच्या बाजूवर पितळी बेअरिंग ठेवून त्यावर भार दिला, आणि आसाची खालची बाजू तेलाच्या कुंडात बुडवली. आस फिरू लागला की आपल्याबरोबर तेल वर ओढून नेई. घर्षण इतके कमी निघाले की टॉवरलाच नवल वाटले. त्याहून नवल म्हणजे भार वाढवला तरी घर्षण जवळजवळ तेवढेच राहत होते. हे कुठल्याच पुस्तकात बसणारे नव्हते.

पुढे नेहमीच्या पद्धतीचे तेलपात्र बसवून पाहावे म्हणून त्याने बेअरिंगच्या डोक्यावर अर्ध्या इंचाचे एक भोक पाडले. यंत्र पुन्हा सुरू केले तेव्हा त्या भोकातून तेल वर येऊन बाहेर वाहू लागले. घाण होऊ नये म्हणून त्याने भोकात बूच मारले. बूच हळूहळू वर सरकले आणि बाहेर पडले. मग लाकडाची खुंटी ठोकली. तीही बाहेर. तेव्हा टॉवरने त्या भोकाला दाबमापक जोडला. बेअरिंगवरचा सरासरी भार दर चौरस इंचाला १०० पौंड होता. मापकाचा काटा मात्र २०० पौंडांची खूण ओलांडून गेला. म्हणजे आस आणि पितळ एकमेकांवर घासतच नव्हते. डब्याचे ओझे तेलाच्या एका पातळ पापुद्र्यावर तरंगत होते.

ही हकीकत अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना एक गमतीदार किस्सा म्हणून सांगितली जाते. आम्हांला ती तेवढ्यावर सोडवत नाही. चाके फिरत होती हजारो वर्षे, त्यांना तेल-चरबी लावली जात होती तितकीच वर्षे, आणि घर्षणाचे नियम पुस्तकांत छापले जाऊनही शतके लोटली होती. तरीही तेल नेमके काय करते हे कोणालाच ठाऊक नसावे, आणि ते एका बुचाने सांगावे, हे कसे घडले असेल?

घर्षणशास्त्राच्या इतिहासाची सुरुवात बहुधा लिओनार्दो दा विंचीपासून केली जाते. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात त्याची एक लहानशी वही आहे. तिच्यातले १४९३ सालचे एक पान हे त्याने घर्षणाचे नियम मांडल्याचे सर्वांत जुने पान आहे, असे केंब्रिजच्या इयन हचिंग्जने २०१६ साली दाखवून दिले. घर्षण वजनाच्या प्रमाणात वाढते आणि टेकलेल्या क्षेत्रफळावर अवलंबून नसते, हे दोन्ही नियम लिओनार्दोला माहीत होते. पण हे त्याने कोठेही प्रसिद्ध केले नाही. त्याच्या यंत्रविषयक वह्यांपैकी दोन तर माद्रिदच्या राष्ट्रीय ग्रंथालयात १९६० च्या दशकापर्यंत पडून होत्या. ज्याच्या लेखनाने पुढच्या एकाही संशोधकाला काही शिकवले नाही त्याला शास्त्राचा जनक म्हणणे आम्हांला थोडे विनोदीच वाटते. वाचकांपर्यंत पोचलेला पहिला माणूस वेगळा होता, आणि त्याचे नाव त्या मानाने कोणी घेत नाही.

तो गियोम आमोंताँ. हा फ्रेंच गृहस्थ लहानपणीच बहिरा झाला होता. १६९९ साली त्याने पॅरिसच्या राजकीय विज्ञान अकादमीपुढे यंत्रांमधल्या विरोधाविषयीचा निबंध वाचला आणि तेच दोन नियम नव्याने मांडले. घर्षण भाराच्या साधारण एक तृतीयांश असते, मग धातू कोणताही असो, असे त्याला आढळले. तांबे, लोखंड, शिसे, लाकूड, सगळ्यांचा आकडा एकच. ह्याचे कारण निबंधातच दडलेले आहे. आमोंताँने सगळ्या पृष्ठभागांना डुकराची जुनी चरबी चोपडली होती. तो मोजत होता ते बहुधा चरबीचे घर्षण होते आणि नाव देत होता धातूंचे. क्षेत्रफळाचा काही संबंध नाही हे ऐकून अकादमीचे सभासद चक्रावले, ला इरने स्वतः प्रयोग करून खात्री करून घेतली, आणि नियम मान्य झाला. चरबीविषयी मात्र कोणी काही विचारल्याचे दिसत नाही.

ऑयलरने अठराव्या शतकाच्या मध्यावर स्थिर आणि गतिमान घर्षण वेगळे काढले. त्यानंतर आला शार्ल-ऑग्युस्तँ कुलों, ज्याला आपण शाळेत विद्युतभारांच्या नियमामुळे ओळखतो. तो पेशाने लष्करी अभियंता; मार्तिनिक बेटावर किल्ला बांधण्यात आठ वर्षे घालवून प्रकृती बिघडवून परतलेला. जहाजांवरच्या कप्प्या, दोर आणि रहाट ह्यांच्या घर्षणावर अकादमीने बक्षीस लावले होते. कुलोंने रोशफोरच्या नौदल गोदीत टेबलाएवढी साधने उभारून ओकचे लाकूड आणि धातू मोठमोठ्या भारांखाली घासून पाहिले, आणि १७८१ साली ते बक्षीस पटकावले. पदार्थ कोणते, भार किती, क्षेत्र किती, किती वेळ टेकून राहिले, अशा एकेका गोष्टीचा त्याने कसोशीने हिशेब मांडला. ह्या कामाची भव्यता आजही जाणवते. मात्र त्याच्यामागचे चित्र जुनेच होते. पृष्ठभाग म्हणजे बारीक डोंगर-दऱ्या, किंवा लाकडाच्या बाबतीत ब्रशाचे केस. दोन पृष्ठभाग टेकले की ते एकमेकांत अडकतात आणि सरकताना वरच्याला चढण चढावी लागते. हे चित्र डोळ्यांपुढे इतके चटकन उभे राहते की ते चुकीचे असेल असे मनातही येत नाही.

ते चुकीचे असावे हे दाखवणारी माणसे होती. लंडनमध्ये देझागुलिएने १७२५ च्या सुमारास शिशाच्या दोन गोळ्यांचे काप ताजे छाटून, पिळून एकत्र दाबले. ते इतके घट्ट चिकटले की ओढून काढायला मोठे वजन लागले. पृष्ठभाग पुरेसे गुळगुळीत केले तर घर्षण कमी होण्याऐवजी वाढेल, असा त्याचा तर्क होता. पुढे १८०४ साली एडिंबरोच्या जॉन लेस्लीने त्याहून नेमका घाव घातला. डोंगर चढायला श्रम पडतात हे खरे, पण दुसऱ्या बाजूने उतरताना ते परत मिळतात. चढ आणि उतार सारखेच असतील तर एकंदर नुकसान शून्य व्हायला हवे. मग घर्षणात खर्च झालेली शक्ती जाते कोठे? हा आक्षेप निरुत्तर करणारा होता. आणि त्याला उत्तर देण्याऐवजी पुढची शंभराहून अधिक वर्षे लोकांनी तो न वाचल्यासारखे केले. अभियंत्याला हवा होता तो आकडा. तो कुलोंच्या तक्त्यात होता, पुढे मोराँने मेट्झला केलेल्या प्रयोगांत आणखी मिळाला. आकडा चालत असेल तर चित्र खोटे असले म्हणून कोणाचे अडते?

अडले ते तेलापाशी. कारण हे सगळे शास्त्र कोरड्या, किंवा कोरड्याच समजलेल्या, पृष्ठभागांचे होते. वंगण हा तेलवाल्या कामगाराचा विषय होता, हातात चोंदका आणि नळी घेऊन फिरणाऱ्याचा. आणि त्याचे जग मोठे होते. इंग्रजी रेल्वेच्या आसांना पाम तेल, जनावरांची चरबी, सोडा आणि पाणी ह्यांचे मिश्रण लागे; त्यासाठी पश्चिम आफ्रिकेतून पाम तेलाची पिंपे लिव्हरपूलला येत. सूतगिरण्यांच्या चात्यांना आणि घड्याळांना स्पर्म देवमाशाचे तेल लागे. आपल्याकडे बैलगाडीच्या आसाला एरंडेलात काजळी कालवून केलेले वंगण लावीत. ह्या एरंडेलाला पुढे विमानांतही मान मिळाला. पहिल्या महायुद्धातल्या फिरत्या इंजिनांत तेच वापरीत, कारण ते पेट्रोलात विरघळत नसे. आणि 'कॅस्ट्रॉल' हे नावही इंग्रजीतल्या 'कॅस्टर' वरूनच आलेले आहे. मराठीत एखाद्या अडलेल्या कामाला वंगण घालणे म्हणजे काय, हे वाचकांना सांगायला नको. शब्द व्यवहारात इतका मुरला, पण वस्तू शास्त्रात शिरली नाही.

येथे एक मोह होतो. शास्त्रज्ञांना जे कळले नाही ते साध्या कारागिराला उपजतच कळत होते, असे लिहून मोकळे व्हावे. हल्ली असे लिहिण्याची पद्धतही पडली आहे. पण टॉवरचाच अहवाल ह्याच्या आड येतो. रेल्वेच्या बेअरिंगला तेलाचे भोक कोठे असे? डोक्यावर, अगदी मधोमध, जेथे भार सर्वांत अधिक. तेल वरून टाकायचे तर वरून भोक पाडायचे, ह्यात कोणाला शंका यावी? टॉवरने मोजले तेव्हा कळले की पापुद्र्यातला दाब तेथेच सर्वांत जास्त असतो, म्हणून त्या भोकातून तेल आत न जाता बाहेर ढकलले जाते. तशा भोकाने आणि खाचांनी तेल पुरवले की साध्या भारालाही बेअरिंग तापत असे. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या कारागीर आणि अभियंते दोघे मिळून तेल आत घालण्यासाठी जे दार ठेवत होते ते तेल बाहेर जाण्याचे दार होते. अनुभव शहाणा असतो हे खरे. पण अनुभवाला पापुद्रा दिसत नाही.

ह्या अहवालाचे मर्म ओळखले मँचेस्टरच्या ओवेन्स कॉलेजातील प्राध्यापक ऑस्बर्न रेनॉल्ड्सने. १८८६ साली रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात आलेल्या त्याच्या निबंधातले समीकरण आजही त्याच्याच नावाने चालते. कल्पना अशी. आस बेअरिंगच्या अगदी मध्यावर बसत नाही, किंचित बाजूला सरकतो. त्यामुळे दोहोंमधली फट एका बाजूला रुंद आणि पुढे अरुंद होत जाते, पाचरीसारखी. तेल आसाला चिकटून त्या अरुंद फटीत ओढले जाते, पण पुढे जायला जागा कमी. म्हणून दाब चढतो, आणि तो दाब वरचे ओझे उचलून धरतो. तेलाच्या चिकटपणाशिवाय हे घडणार नाही. ज्या चिकटपणाला आपण अडथळा मानतो तोच भार वाहतो. टॉवरने ऑलिव्ह तेल वापरले होते, म्हणून रेनॉल्ड्सने तापमानानुसार त्याचा चिकटपणा कसा बदलतो हेही स्वतः मोजले आणि मग टॉवरचे आकडे आपल्या गणिताशी ताडून पाहिले.

योगायोग असा की त्याच १८८३ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये निकोलाय पेत्रोव्हने रशियन भाषेत ह्याच विषयावर मोठा निबंध छापला. कॉकेशसमधले खनिज तेल स्वस्त झाले होते, आणि प्राणिज-वनस्पतिज तेलांऐवजी ते रेल्वेला चालेल का असा प्रश्न होता. पेत्रोव्हने ओळखले की चांगले वंगण असलेल्या बेअरिंगात घर्षण हे धातूचे नसून तेलाचे असते, आणि त्याचे सूत्रही दिले. पण त्याने आस मध्यावर आहे असे धरले, त्यामुळे पाचर नाहीशी झाली आणि तेल भार कसा उचलते हे त्याच्या हातून निसटले. अर्धे उत्तर एका देशात, अर्धे दुसऱ्या देशात, आणि दोघांच्याही मागे रेल्वे.

रेनॉल्ड्सच्या पाचरीचे सर्वांत सुंदर फळ विसाव्या शतकाच्या आरंभी मिळाले. ऑस्ट्रेलियात मिशेलने १९०५ साली आणि अमेरिकेत किंग्जबरीने स्वतंत्रपणे एकच युक्ती काढली: भार घेणारा पृष्ठभाग अखंड न ठेवता त्याचे तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकडा किंचित कलू द्यायचा. तुकडा आपला आपण कलतो, पाचर आपोआप तयार होते. जहाजाच्या पंख्याचा सगळा रेटा पूर्वी ओळीने बसवलेल्या अनेक कड्यांवर विभागून घ्यावा लागे; तो आता एका कड्यावर पेलू लागला.

पण तेलाचा पापुद्रा नेहमी टिकत नाही. यंत्र सुरू होताना, थांबताना, गती कमी आणि भार जास्त असताना धातू धातूला भिडतोच. तेथे पुन्हा तोच जुना प्रश्न उभा राहतो. हार्डीने १९२० च्या दशकात दाखवले की रेणूएवढा पातळ थरही घर्षण पालटून टाकतो. खडबडीतपणा तसाच, तरी घर्षण निराळे. डोंगर-दऱ्यांच्या चित्राला हा शेवटचा धक्का होता. एरंडेलाचे मोठेपण येथेही आहे: त्यातल्या आम्लाच्या रेणूचे एक टोक धातूला धरून ठेवते आणि लांब शेपटी बाहेर राहते.

मूळ कोडे सोडवले ते फ्रँक फिलिप बाऊडन आणि डेव्हिड टेबर ह्यांनी. बाऊडन मूळचा टास्मानियाचा आणि केंब्रिजचा प्राध्यापक. युद्धकाळात त्याने मेलबर्नला विमानांच्या बेअरिंगांसाठी प्रयोगशाळा उभारली. दोन धातूंच्या सांध्यातून वीज किती वाहते ते मोजून ह्या दोघांनी १९३९ साली दाखवले की टेकलेले दिसणारे क्षेत्र आणि खरोखर टेकलेले क्षेत्र ह्यांत जमीन-अस्मानाचे अंतर असते. एक पृष्ठभाग दुसऱ्यावर ठेवणे म्हणजे स्वित्झर्लंड उलटा करून ऑस्ट्रियावर ठेवण्यासारखे आहे, अशा अर्थाचे बाऊडनने म्हटले होते. शिखरांची टोके तेवढी भिडतात. त्या टोकांवर दाब प्रचंड, म्हणून ती चपटी होऊन एकमेकांना चिकटतात. सरकवायचे म्हणजे ते सांधे तोडायचे. शक्ती जाते ती तेथे. भार दुप्पट केला की खरे टेकलेले क्षेत्र दुप्पट होते. वस्तू आडवी ठेवली की उभी, ह्याने त्यात फरक पडत नाही. म्हणजे आमोंताँचे दोन्ही नियम बरोबर आणि त्यांचा अर्थ नेमका उलटा: घर्षण क्षेत्रफळावरच अवलंबून असते, फक्त ते क्षेत्रफळ डोळ्यांना दिसत नाही. देझागुलिएच्या शिशाच्या गोळ्यांना दोन शतकांनी न्याय मिळाला.

झिजेचा अभ्यास मात्र त्या मानाने उशिरा रुळला. खरे तर १८०३ सालीच हॅचेट आणि कॅव्हेंडिश ह्यांनी सोन्याची नाणी चलनात किती झिजतात हे सरकारच्या सांगण्यावरून मोजले होते. झीज फारच थोडी निघाली, आणि नाणी हलकी होण्याचा दोष प्रामाणिक वापराकडे देणे कठीण झाले. पण नाणी सोन्याची असतात, बेअरिंग कोणी तोलत नाही. आर्चर्डने झिजेचा साधा नियम मांडला तो १९५३ साली. आणि चिकटण्याचा धडा अवकाशात पुन्हा मिळाला: १९८९ साली सोडलेल्या 'गॅलिलिओ' यानाचा मोठा छत्रीवजा अँटेना १९९१ साली पूर्ण उघडलाच नाही. प्रक्षेपण लांबल्यामुळे यान ट्रकमधून देशभर इकडून तिकडे नेले गेले होते. त्या हादऱ्यांनी कोरडे वंगण निघून गेले आणि निर्वात पोकळीत उघडा धातू धातूला धरून बसला, असा निष्कर्ष निघाला.

विषयाला नाव मिळाले ते सर्वांत शेवटी. १९६४ साली कार्डिफला पोलाद कारखान्यांतल्या वंगणावर परिषद झाली. यंत्रे मोडण्याच्या तक्रारी इतक्या आल्या की सरकारने पीटर जोस्टच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. मार्च १९६६ मध्ये तिचा अहवाल आला. 'घासणे' ह्या अर्थाच्या ग्रीक धातूवरून 'ट्रायबॉलॉजी' हा शब्द ऑक्सफर्डच्या कोशकारांच्या सल्ल्याने घडवला गेला. टेबरने मेलबर्नच्या प्रयोगशाळेसाठी 'ट्रायबोफिजिक्स' आधीच वापरला होता, तेव्हा धातू काही नवा नव्हता. नवा होता तो हिशेब. ब्रिटनला दरवर्षी ५१.५ कोटी पौंड वाचवता येतील, असे समितीने म्हटले. नव्या नावाने काय होणार, असे तेव्हा पुष्कळांनी विचारले असेल. आम्हीही कदाचित विचारले असते. पण ज्या विषयाला नाव नाही त्याला विभाग नाही, पद नाही आणि अंदाजपत्रकात रकानाही नाही. ते नाव देणे हे जोस्टचे मोठे काम होते असे आमचे मत आहे, आकडे कितीही ढोबळ असोत.

त्या आकड्यांत एक गोष्ट लक्ष वेधून घेते. ५१.५ कोटींपैकी घर्षण कमी झाल्याने वाचणाऱ्या ऊर्जेचा वाटा फक्त २.८ कोटी होता. २३ कोटी होते देखभालीचे आणि सुटे भाग बदलण्याचे, ११.५ कोटी यंत्रे मोडल्याने होणाऱ्या नुकसानीचे, १० कोटी यंत्रांचे आयुष्य वाढल्याचे. १९६६ साली इंधन स्वस्त होते आणि बंद पडलेला कारखाना महाग. २०१७ साली फिनलंडच्या होल्मबर्ग आणि अमेरिकेतील एर्देमीर ह्यांनी साऱ्या जगाचा असाच हिशेब मांडला, तेव्हा मोजमाप ऊर्जेचे होते: जगात वापरल्या जाणाऱ्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे २३ टक्के घासणाऱ्या पृष्ठभागांपायी जाते, त्यातली २० टक्के घर्षणावर मात करण्यात आणि ३ टक्के झिजलेले भाग पुन्हा बनवण्यात. पहिल्या हिशेबात जे क्षुल्लक होते ते दुसऱ्यात सर्वांत मोठे झाले. पृष्ठभाग तेच; बदलली ती काळजी.

पेनसिल्व्हेनियात सस्क्वेहाना नदीवर होल्टवुडचे जलविद्युत केंद्र आहे. तेथल्या एका जनित्राखाली १९१२ साली किंग्जबरीचे कलते बेअरिंग बसवले. अमेरिकेतील यांत्रिकी अभियंत्यांच्या संस्थेने १९८७ साली ऐतिहासिक ठेवा म्हणून त्याची नोंद केली, तेव्हा ते पंचाहत्तर वर्षे चालून तसेच चालू होते. त्याचा धातू दुसऱ्या धातूला चालू होताना आणि थांबतानाच काय तो शिवत असे.